राष्ट्रीय संशोधन-निधी, स्थानिक उद्योग आणि राज्यशासन : नाशिक परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

नाशिक रोड ही रेल्वेस्थानकाभोवती वाढलेली वस्ती. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तिला अखिल भारतीय महत्त्व प्राप्त झाले. तोपर्यंत हिंदुस्थानची टपाल तिकिटे आणि चलनी नोटा इंग्लंडमधून छापून येत असत. इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि त्यापाठोपाठ १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस सुरू झाल्यावर हे काम नाशिक रोड येथे होऊ लागले. पुढे देवळालीचे तोफखाना विद्यालय, ओझरचा विमान कारखाना आणि एकलहरे येथील रेल्वेचा कर्षणयंत्र कारखाना यांची भर पडली. एका जिल्ह्याच्या वाट्याला मध्यवर्ती सरकारची इतकी गुंतवणूक येणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

असे असूनही याच परिसरातील सातपूर, अंबड, सिन्नर येथील लघु व मध्यम कारखानदारांचा केंद्राच्या संशोधन-निधीशी संबंध फार उशिरा आणि फार थोड्या प्रमाणात आला. हा विरोधाभास कशामुळे निर्माण झाला आणि तो दूर करण्यात राज्यशासनाने कोणती भूमिका बजावली, किंवा बजावली नाही, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. येथे एक भेद प्रारंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. केंद्राचा कारखाना राजकीय निर्णयाने येतो. संशोधन-निधी मात्र अर्जाने येतो. पहिल्यासाठी वजनदार नेता पुरेसा ठरतो, तर दुसऱ्यासाठी पात्रता, कागदपत्रे, चाचणीचे अहवाल आणि स्वतःच्या हिश्श्याची रक्कम लागते. महाराष्ट्राने पहिली कला लवकर आत्मसात केली. दुसरीकडे मात्र दीर्घकाळ दुर्लक्ष झाले, असे इतिहासावरून दिसून येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

उद्योग प्रांतांकडे आणि संशोधन मध्यवर्ती सरकारकडे, ही विभागणी ब्रिटिशकालीन आहे. सर थॉमस हॉलंड यांच्या अध्यक्षतेखालील औद्योगिक आयोगाने (१९१६-१८) उद्योगांच्या वाढीसाठी सरकारने पुढाकार घ्यावा, अशी शिफारस केली. १९१९ च्या सुधारणा कायद्यान्वये उद्योगविकास हा विषय प्रांतांतील सोपीव खात्यांत गेला. खाते मिळाले, पण त्याबरोबर पुरेसा पैसा मिळाला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९४० मध्ये शास्त्रीय व औद्योगिक संशोधन मंडळ आणि १९४२ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली, तीही मध्यवर्ती सरकारच्या छत्राखाली. राज्यघटनेने हीच चौकट बहुतांशी कायम ठेवली. उद्योग हा मुख्यतः राज्यसूचीतील विषय राहिला, तर संशोधनाला चालना देणाऱ्या केंद्रीय संस्थांचा उल्लेख संघसूचीत आला.

सरकारी साहाय्याच्या अभावी महाराष्ट्रात लोकांनीच काही प्रयत्न केले, हे नमूद करणे अगत्याचे आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून उभा राहिलेला आणि लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभलेला पैसा फंड हे त्याचे ठळक उदाहरण. घरोघर पैसा-पैसा गोळा करून तळेगाव येथे १९०८ मध्ये काच कारखाना सुरू झाला. तेथे काच बनविण्याचे शिक्षणही दिले जाई. आजच्या परिभाषेत ज्याला सामायिक सुविधा केंद्र म्हणतात त्याचा हा पूर्वावतार म्हणता येईल. फरक एवढाच की त्यामागे ना प्रांतिक सरकार होते, ना मध्यवर्ती.

महाराष्ट्राचे औद्योगिक धोरण आणि नाशिक

राज्यनिर्मितीनंतर महाराष्ट्राने औद्योगिक विकेंद्रीकरणाचे धोरण हिरिरीने राबविले. बोरकर समितीच्या शिफारशींनंतर १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना जाहीर झाली आणि १९६६ मध्ये सिकॉमची स्थापना झाली. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर जाणाऱ्या कारखानदाराला भूखंड, पाणी, वीज, विक्रीकरात सवलत आणि सुलभ कर्ज मिळू लागले. मुंबईपासून अंतर बेताचे, रेल्वे व महामार्ग दोन्ही हाताशी, गोदावरी-दारणेचे पाणी आणि सौम्य हवामान यांमुळे नाशिकला या धोरणाचा विशेष लाभ झाला.

राजकीय निर्णयाचे उदाहरण म्हणून ओझरचा उल्लेख करावा लागतो. १९६३ मध्ये संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले. सोव्हिएत सहकार्याने मिग-२१ विमाने बनविण्याची योजना तेव्हा आकार घेत होती. इंजिने कोरापूटला, इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा नाशिकजवळ ओझरला, अशी विभागणी झाली. जिल्ह्याला हजारो रोजगार मिळाले. अचूक यंत्रकामाची शिस्तही मिळाली, जी पुढे असंख्य छोट्या कारखान्यांत झिरपली. परंतु हे परवाना-उत्पादन होते. आराखडे मॉस्कोहून येत. त्याबरहुकूम सुटा भाग तंतोतंत बनविणे हे स्थानिक पुरवठादाराचे कौशल्य ठरले, तो भाग नव्याने रचणे नव्हे. मोटार उद्योगाच्या पूरक कारखान्यांतही थोड्याफार फरकाने हेच घडले. मोठ्या कंपनीने आराखडा द्यावा, छोट्याने जॉबवर्क करावे, ही रीत नाशिकमध्ये दोन पिढ्या चालत आली.

प्रोत्साहन योजनेच्या रचनेनेही या प्रवृत्तीला खतपाणी घातले. योजनेतील सवलतींचे मोजमाप प्रामुख्याने स्थिर भांडवली गुंतवणुकीवर, म्हणजे जमीन, इमारत व यंत्रसामग्री यांवर होत असे. संशोधनाचा खर्च या मापात बसत नाही. तो अभियंत्याच्या पगारात जातो, वाया गेलेल्या नमुन्यांत जातो, आणि कधी वर्षभर काहीच हाती न लागण्यातही जातो. ज्याने नवी लेथ घेतली त्याला अनुदान मिळे. ज्याने जुन्याच लेथवर नवी वस्तू घडविण्याचा प्रयत्न केला तो धोरणाच्या दृष्टीला पडत नसे. पुढे २००७ च्या प्रोत्साहन योजनेत पेटंट नोंदणी आणि गुणवत्ता-प्रमाणपत्रांच्या खर्चाचा काही भाग शासनाने देण्याची तरतूद झाली, ही स्वागतार्ह बाब होय. मात्र पेटंट हे संशोधनाच्या शेवटी येते, आणि लघुउद्योजकाची अडचण असते ती सुरुवातीला.

केंद्राच्या योजना आणि पात्रतेचा प्रश्न

याच काळात केंद्राने उद्योगांसाठी संशोधन-निधीचे अनेक मार्ग खुले केले. कंपन्यांच्या अंतर्गत संशोधन विभागांना मान्यता देण्याची पद्धत १९७३ पासून सुरू झाली. आयात तंत्रज्ञानाच्या मोबदल्यावर १९८६ च्या कायद्याने उपकर बसविण्यात आला आणि १९९६ मध्ये स्थापन झालेल्या तंत्रज्ञान विकास मंडळाने स्वदेशी तंत्रज्ञान बाजारात आणणाऱ्या कंपन्यांना अल्प व्याजाने कर्जे देण्यास प्रारंभ केला. (हा उपकर २०१७ मध्ये रद्द झाला.) व्यक्तिगत संशोधकांसाठी १९९८ मध्ये टेप ही योजना आली. २००० च्या सुमारास वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने प्रयोगशाळा व उद्योग यांच्या संयुक्त प्रकल्पांसाठी निमित्ली हा कार्यक्रम हाती घेतला. जैवतंत्रज्ञानासाठी २००५ मध्ये स्वतंत्र योजना आणि २०१२ मध्ये बायरॅक ही संस्था आली. मान्यताप्राप्त संशोधन विभागाच्या खर्चावर प्राप्तिकरात वाढीव वजावटही मिळू लागली. २०१० पासून काही वर्षे ती खर्चाच्या दुप्पट होती, नंतर ती टप्प्याटप्प्याने कमी होऊन २०२० पासून प्रत्यक्ष खर्चापुरती उरली.

योजनांची ही यादी भरघोस दिसते. तथापि तिच्या प्रवेशद्वाराशी उभ्या असलेल्या छोट्या कारखानदाराच्या बाजूने पाहिले असता चित्र बदलते. अंतर्गत संशोधन विभागाला मान्यता हवी असेल तर उत्पादनापासून वेगळी जागा, वेगळी सामग्री, वेगळे कर्मचारी आणि वेगळे हिशेब दाखवावे लागतात. वीस-पंचवीस कामगारांच्या कारखान्यात मालक हाच आराखडाकार असतो आणि दिवसाच्या ऑर्डरी संपल्यावर त्याच यंत्रावर रात्री प्रयोग करतो. त्याचे संशोधन खरे असते, पण कागदावर ते सिद्ध करता येत नाही. मंडळाचे कर्ज प्रकल्पखर्चाच्या साधारणतः निम्म्यापर्यंत मिळते. उरलेला निम्मा आणि वर तारण त्याने आणावे कोठून? संयुक्त प्रकल्पासाठी राष्ट्रीय प्रयोगशाळेशी परिचय लागतो. पुण्यातील उद्योजकाला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, वाहन संशोधन संघटना आणि अभियांत्रिकी महाविद्यालय शहरातच उपलब्ध होते. नाशिकच्या उद्योजकाला हे शेजार लाभले नाही.

म्हणजेच उणीव कल्पकतेची नव्हती, पत नसण्याची होती. येथे पत याचा अर्थ केवळ बँकेतील पत असा नाही. अर्जदाराच्या बाजूने एखाद्या मान्य संस्थेने उभे राहणे, त्याच्या वस्तूची चाचणी करून देणे, त्याच्या हिश्श्यात हातभार लावणे हेही त्यात येते. ही पत पुरविण्याचे सामर्थ्य राज्यशासनाकडे होते. ज्या ठिकाणी त्याने ते वापरले तेथे केंद्राचा निधी आला, हे पुढील उदाहरणांवरून लक्षात येते.

अंबड आणि शिलापूर

केंद्राच्या उद्योग मंत्रालयाने २००३ मध्ये औद्योगिक पायाभूत सुविधा उन्नयन योजना सुरू केली. एखाद्या उद्योगसमूहाने स्वतंत्र संस्था स्थापन करून सामायिक सुविधा उभारल्यास प्रकल्पखर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत, परंतु कमाल ५० कोटी रुपयांपर्यंत साहाय्य देण्याची तीत तरतूद होती. उद्योगांचा स्वतःचा वाटा किमान १५ टक्के असावा, अशी अट होती. या योजनेतून अंबड औद्योगिक वसाहतीत नाशिक इंजिनीअरिंग क्लस्टर उभे राहिले. एकट्या कारखान्याला न परवडणारी मोजमापाची, चाचणीची व नमुना बनविण्याची साधने तेथे भाड्याने मिळू लागली. पिंपरी-चिंचवडमधील ऑटो क्लस्टर याच योजनेतले. तेथे महानगरपालिकेनेही भागीदारी स्वीकारली, ही गोष्ट स्थानिक स्वराज्य संस्थांच्या दृष्टीने बोलकी आहे. रस्ते व दिवे यांपलीकडे नगरपालिकेचा उद्योगाशी संबंध असू शकतो, हे तेथे मान्य झाले.

नाशिक रोडपासून जवळ असलेल्या शिलापूरचे उदाहरण अधिक महत्त्वाचे आहे. नाशिकमध्ये रोहित्रे, स्विचगिअर व विद्युत मापनयंत्रे बनविणारे लहानमोठे अनेक कारखाने आहेत. त्यांच्या मालाला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या चाचणीवाचून बाजार मिळत नाही. केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेच्या मोठ्या क्षमतेच्या प्रयोगशाळा बंगळुरू व भोपाळ येथे. एक रोहित्र मालमोटारीवर चढवून भोपाळला न्यायचे, रांगेत थांबायचे, चाचणीत ते अयशस्वी झाले तर परत आणून दुरुस्त करून पुन्हा न्यायचे, हा खर्च मोठी कंपनी सोसते. छोटी कंपनी दुसऱ्या खेपेचा विचार करून नवा आराखडाच बाजूला ठेवते. स्थानिक उद्योजकांच्या दीर्घ मागणीनंतर संस्थेची प्रादेशिक चाचणी प्रयोगशाळा शिलापूर येथे उभारण्याचे ठरले आणि राज्यशासनाने त्यासाठी सुमारे १०० एकर जमीन उपलब्ध करून दिली. निधी केंद्राचा, संस्था केंद्राची, तज्ज्ञ केंद्राचे. राज्याचा वाटा जमिनीचा. परंतु त्या वाट्यावाचून प्रस्ताव पुढे सरकला नसता. मात्र मंजुरीपासून प्रत्यक्ष उभारणीपर्यंत बरीच वर्षे गेली, हेही नोंदविले पाहिजे.

लासलगाव आणि द्राक्षबागा

शेतमालाच्या क्षेत्रात राज्याची भूमिका अधिक सूक्ष्म आणि अधिक फलदायी ठरली. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावजवळ कृषक हे विकिरण केंद्र उभारले व ते २००२ मध्ये सुरू झाले. गॅमा किरणांच्या अल्प मात्रेने कांद्याला कोंब फुटणे थांबते, हे प्रयोगशाळेत सिद्ध झालेले होते. ते व्यापारी प्रमाणावर करून दाखविणे हा केंद्राचा उद्देश. परंतु कांद्याचा भाव इतका चंचल की विकिरणाचा खर्च आणि त्यानंतरच्या शीत साठवणुकीचा खर्च कोणी करावा, हे कोडे सुटले नाही. हे केंद्र काही वर्षे आपल्या खऱ्या ग्राहकाच्या शोधात होते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

तो ग्राहक अनपेक्षित दिशेने आला. भारतीय आंब्याला अमेरिकेची बाजारपेठ खुली होण्यासाठी किडींचा नायनाट करणारी विकिरण-प्रक्रिया ही अट होती. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाने पुढाकार घेऊन लासलगावचे केंद्र या कामासाठी वापरात आणले. अमेरिकेच्या कृषी विभागाने त्यास मान्यता दिली आणि २००७ च्या हंगामात तेथून हापूसची पहिली खेप रवाना झाली. कांद्यासाठी बांधलेले केंद्र गाजले ते आंब्यामुळे. येथे राज्याच्या मंडळाने संशोधन केले नाही, निधीही फारसा दिला नाही. त्याने राष्ट्रीय संशोधनसंस्था आणि स्थानिक निर्यातदार यांच्यामध्ये उभे राहून करार, वेळापत्रक, पॅकिंग आणि परदेशी निरीक्षकांची व्यवस्था सांभाळली. पुढे मंडळाने वाशी येथे स्वतःचे विकिरण केंद्र उभारले. लासलगावच्या अनुभवाचा त्यामागे निश्चितच वाटा होता.

द्राक्षांचा इतिहास याला समांतर आहे. २००३ मध्ये नाशिक परिसरातून युरोपात गेलेल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अवशेष मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि निर्यातीवर संकट कोसळले. एका हंगामात अनेक वर्षांची पुण्याई पणाला लागली. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ मध्येच स्थापन झाले होते. त्याच्या प्रयोगशाळेला राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेचा दर्जा देऊन अपेडाने अवशेष-निरीक्षणाचा कार्यक्रम आखला आणि २००६ पासून ग्रेपनेट ही संगणकीय माग काढण्याची पद्धत सुरू झाली. ही पद्धत चालते ती बागेच्या नोंदणीवर, आणि नोंदणी करतो राज्याचा कृषी विभाग. कोणत्या गटातील कोणत्या बागेत कोणते औषध केव्हा फवारले, याची नोंद तालुका पातळीवरील कर्मचाऱ्याने ठेवल्याखेरीज मांजरीतील कोट्यवधींची उपकरणे निरुपयोगी ठरली असती. राष्ट्रीय संशोधनाला राज्याच्या नोंदवहीचा आधार लागतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

राज्याचा हिस्सा : एक तुलना

राज्याने रोख हिस्सा देऊन केंद्राचा निधी आणल्याचे अलीकडचे उदाहरण परळच्या हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाचे आहे. २०२१ मध्ये कोव्हॅक्सिनच्या उत्पादनक्षमतेसाठी केंद्राने ६५ कोटी रुपये आणि राज्याने सुमारे ९४ कोटी रुपये मंजूर केले. महामारीच्या दडपणाखाली हा निर्णय झपाट्याने झाला. परंतु हाफकिन हे राज्याचेच महामंडळ आहे. अंबडच्या खासगी लघुउद्योजकासाठी असा हिस्सा देण्याची स्थायी पद्धत त्यातून निर्माण झाली नाही.

परदेशात ती आहे. अमेरिकेत १९८२ पासून लघुउद्योगांसाठी संघराज्याचा संशोधन-निधी राखून ठेवला जातो. केंटकी व नॉर्थ कॅरोलायना या राज्यांनी २००५-०६ च्या सुमारास असा नियम केला की, राज्यातील ज्या कंपनीला हा निधी मिळेल तिला राज्यही पूरक रक्कम देईल. या व्यवस्थेत निवडीचा भार संघराज्याच्या तज्ज्ञांवर राहतो. राज्याला स्वतःची परीक्षक यंत्रणा उभारावी लागत नाही आणि वशिलेबाजीचा आरोपही टळतो. जर्मनीत फ्राउनहोफर संस्थांच्या मूलभूत अनुदानात केंद्राचा वाटा साधारण ९० टक्के व राज्यांचा १० टक्के असतो. वाटा लहान, पण त्यामुळे संस्थेच्या कारभारात राज्याचा आवाज राहतो. महाराष्ट्रात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग स्थापन झाला, २०१८ मध्ये नवउद्यम धोरण आणि संरक्षण-उत्पादन धोरण आले. परंतु जिल्हा पातळीवर उद्योजकाचा संबंध येतो तो १९७८ पासून अस्तित्वात असलेल्या जिल्हा उद्योग केंद्राशी, आणि तेथील कामकाजाचा भर आजही नोंदणी, कर्जयोजना व अनुदानाच्या दाव्यांवरच आहे.

नाशिकपुढील सद्यःस्थिती

हा प्रश्न नाशिकपुरता केवळ अभ्यासाचा राहिलेला नाही. येथील पूरक उद्योगांचा मोठा भाग डिझेल इंजिनाच्या सुट्या भागांवर अवलंबून आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाली आणि विद्युत वाहनांचा प्रसार सुरू झाला. जो कारखाना तीस वर्षे एकाच प्रकारचा सुटा भाग मायक्रॉनच्या अचूकतेने बनवीत आला, त्याला नवे उत्पादन शोधणे भाग आहे. संरक्षण क्षेत्रात २०१८ मध्ये आयडेक्स हा उपक्रम आला व त्याअंतर्गत नाशिकला संरक्षण नवोन्मेष केंद्राची घोषणा २०१९ मध्ये झाली. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने खासगी क्षेत्रातील संशोधनासाठी एक लाख कोटी रुपयांच्या निधीला मान्यता दिली. हा निधी दुय्यम निधी-व्यवस्थापकांमार्फत, मुख्यतः दीर्घ मुदतीच्या अल्पव्याजी वा बिनव्याजी कर्जाच्या व भागभांडवलाच्या रूपाने वितरित व्हावयाचा आहे, आणि प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या टप्प्यापुढील तंत्रज्ञानासाठीच तो आहे.

हा शेवटचा निकष नाशिकच्या दृष्टीने निर्णायक ठरतो. तंत्रज्ञान त्या टप्प्याला पोहोचले आहे हे अर्जदाराला चाचणी-अहवालांनिशी दाखवावे लागेल, आणि हे अहवाल निधी मिळण्याच्या आधीचे असतील. म्हणजे त्यांचा खर्च या निधीत बसणार नाही. नमुना बनविण्यासाठी अंबडचे क्लस्टर आणि विद्युत उपकरणांच्या चाचणीसाठी शिलापूर, ही साखळी कागदावर जुळलेली आहे. पहिल्या अयशस्वी चाचणीनंतरच्या दुसऱ्या चाचणीचे शुल्क भरण्यासाठी जिल्हा उद्योग केंद्राच्या कोणत्या लेखाशीर्षाखाली तरतूद करता येईल, हा प्रश्न उद्योग विभागाच्या पातळीवरच सुटू शकतो.